व्हर्ना टिडवेलची भिण्याची नोकरी

आमच्या टॅलबर्टमध्ये विद्यापीठाच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जो रुंद रस्ता जातो, त्याच्या एका अंगाला विद्यार्थिनींच्या भगिनीमंडळांची राहायची घरं आहेत आणि दुसऱ्या अंगाला मुलांच्या बंधुमंडळांची. भगिनींच्या घरांना पांढरे खांब, नीट कापलेली हिरवळ आणि दारात फुलांच्या कुंड्या. बंधूंच्या घरांनाही पांढरे खांब आहेत, पण त्यातल्या एका खांबाला ट्रक धडकलेला आहे आणि छपरावर सोफा आहे. सोफा वर कसा गेला हे कोणी विचारत नाही. तो खाली कसा येईल आणि येताना त्यावर कोण बसलेलं असेल, ही काळजी अख्ख्या गावात एकच बाई करायची. व्हर्ना टिडवेल.

व्हर्ना त्या सोफ्यासमोरच्या घराची हाउस मदर. घराच्या कपाळावर मंडळाच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं आहेत. कुठली, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर बाकीच्या घरांतल्या माजी भगिनी माझ्या बायकोशी बोलणं टाकतील, आणि आमच्या गावात माजी भगिनी नाही अशी बाई शोधायची तर दुसऱ्या गावाला जावं लागतं. व्हर्ना मात्र खरोखरच माजी भगिनी नव्हती. ती कॉलेजात गेलीच नव्हती. नवरा गेल्यावर रिकाम्या घरात राहवेना म्हणून तिने ही नोकरी धरली. तळमजल्यावर दोन खोल्या, वरच्या मजल्यांवर साठ-सत्तर मुली. फुलं, नळ, स्वयंपाकघर, पाहुणे, असं बरंच काही तिच्याकडे होतं. पण खरं काम एकच. त्या वयात मुलींना ज्या गोष्टींची भीती वाटायला हवी आणि वाटत नाही, त्या सगळ्यांची भीती त्यांच्या वतीने बाळगायची.

हे काम ती मन लावून करी. केस कुरळे करायच्या सळया, जिना, गच्चीचा कठडा, भाड्याच्या बसगाड्या, दुधी रंगाचं कुठलंही पेय आणि समोरच्या घरातला कुठलाही मुलगा, या सगळ्यांना ती भ्यायची. मुली दारातून बाहेर पडताना ती प्रत्येकीकडे असं बघे, की जणू हिला आज कुठल्या कपड्यांत पाहिलं होतं हे उद्या पोलिसांना सांगायचं आहे.

"मिस व्हर्ना, हा जिना शंभर वर्षं उभा आहे," एखादी म्हणे.

"तेच तर म्हणते गं बाई. थकला असेल आता."

तिच्या भिण्यामागे हिशेब होता. तिचा नवरा रॉइस याला तरुणपणापासून शुगर होती, इंजेक्शनवाली. रात्री शुगर एकदम उतरली तर पाजायला म्हणून तीस वर्षं व्हर्ना त्याच्या उशाशी संत्र्याचा रस ठेवून झोपली. त्याच्या कपाळावर घाम आला की तिची झोप मोडायची. रॉइस शुगरने गेला नाही. हरणाच्या शिकारीसाठी झाडावर बांधलेल्या मचाणावरून पडून गेला. मचाणाला भ्यायचं व्हर्नाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून तिने ठरवलं, की आता काहीच सोडायचं नाही.

ऑगस्ट आला की ही भीती दुथडी भरून वाहू लागे, कारण ऑगस्टात भरतीचा आठवडा. हजारभर नव्या मुली उन्हातान्हात, उंच टाचांच्या चपला घालून, घरामागून घर हिंडतात. प्रत्येक घराचं दुहेरी दार धाडकन उघडतं आणि चौकटीत खालपासून वरपर्यंत भगिनी रचून ठेवलेल्या असतात, फळवाल्याच्या दुकानात संत्री रचतात तशा. त्या टाळ्या वाजवत, पाय आपटत गातात. मग आत नेऊन गप्पा. गप्पा संपल्या की मुलगी पुढच्या घरी, आणि आत मतदान. असं करत करत आठवड्याअखेर मुली घरं निवडतात आणि घरं मुली. ज्यांना कोणीच निवडत नाही त्या वसतिगृहात जाऊन आईला फोन करतात.

नियम असे कडक, की सैन्यात असते तर लढाया टळल्या असत्या. येणाऱ्या मुलींनी फोन आणि पर्स बाहेर झाडाखाली ठेवायच्या. घरातून त्यांना काहीही द्यायचं नाही. पाणी चालेल, पण पेला उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. आणि शेवटच्या समारंभापासून निकालापर्यंत कुठल्याही भगिनीने येणाऱ्या मुलीशी एक अक्षर बोलायचं नाही. रस्त्यात समोर आली तरी नाही.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशी व्हर्ना दिवाणखान्यात पाण्याच्या टेबलाशी उभी होती. खोलीत शंभर मुली एकाच वेळी बोलत होत्या. त्यातली एक मुलगी तिच्या नजरेला टोचली. बारीक, लाल केसांची, आर्कान्सातल्या कुठल्याशा खेड्यातली, छातीवरच्या पट्टीवर नाव ओपल हेम्बी. वरच्या ओठावर घामाचे बारीक मणी. समोरच्या भगिनीने कुत्र्याचं नाव विचारलं, तर हिने आपलंच नाव सांगितलं. भगिनी खदखदून हसली.

टेबलाखाली स्वतःसाठी ठेवलेलं लिंबाचं सरबत तिने पाण्याच्या पेल्यात ओतलं आणि गर्दीतून वाट काढत गेली. "पी," ती म्हणाली. ओपल प्यायली. थोड्या वेळाने व्हर्नाने तिला न्हाणीघर दाखवायच्या निमित्ताने बोळात नेलं.

"शुगर आहे ना तुला?"

"नाही, मॅम."

"माझ्या नवऱ्याला तीस वर्षं होती. खोटं बोलताना तोही असाच पायांकडे बघायचा."

ओपलने पायांवरून नजर उचलली.

"दंडावर ते शुगर मोजायचं यंत्र लावतात ना हल्ली? कुठंय?"

"काढून ठेवलं, मॅम. बिनबाह्यांचा ड्रेस आहे. दिसतं ते."

"आणि गोड काही?"

"पर्समध्ये."

"आणि पर्स?"

ओपलने खिडकीकडे बोट केलं. बाहेर ओकच्या झाडाखाली पर्सचा ढीग पडला होता, गावातल्या सगळ्या पर्सनी एकदम सामूहिक आत्महत्या केल्यासारखा.

"कुणाला सांगू नका ना, मॅम," ओपल म्हणाली. "आमच्या गावात पोस्टमनलासुद्धा माझा शुगरचा आकडा ठाऊक असतो. शाळेत मी 'ती बिचारी' होते. इथे चाळीस हजार पोरं आहेत आणि एकालाही माहीत नाही. तेवढ्यासाठी तर आले मी एवढ्या लांब."

"आणि पडलीस तर?"

"नाही पडणार."

"रॉइस हेच वाक्य बोलायचा. ह्याच आवाजात."

शेवटी व्हर्नाने कबूल केलं, की ती कुणाला सांगणार नाही. मात्र ओपलने रोज सकाळी पोटभर खायचं आणि दारातून आत येताना दोन बोटं वर करायची, म्हणजे सगळं ठीक. कबूल करताक्षणी व्हर्नाला पश्चात्ताप झाला. आत्तापर्यंत तिला घरातल्या सगळ्या मुलींची मिळून एक ढोबळ भीती वाटायची. आता एका मुलीची नेमकी भीती वाटू लागली, आणि ती मुलगी अजून घरातली नव्हती.

त्याच संध्याकाळी तिने सटन व्हॅन्डिव्हरला गाठलं. सटन त्या वर्षीची भरतीप्रमुख. वय वीस, पण आवाज ऐकला तर माणूस उभ्या उभ्या सलाम ठोकेल.

"सटन बाळ, टेबलावर चार पेपरमिंटच्या गोळ्या ठेवू या का?"

"मिस व्हर्ना! गोळ्या म्हणजे भेटवस्तू!"

"भेट कसली गं? गोळी ती."

"मागच्या वर्षी एक मुलगी चुकून आपला कागदी रुमाल घेऊन बाहेर गेली होती. रुमाल! त्यावर आपली अक्षरं होती. केवढा गहजब झाला, विसरलात?"

"बरं, सरबत तरी?"

"नियमात फक्त पाणी. आणि शेवटच्या दिवशी सगळ्याजणी पांढऱ्यात. सरबत पांढऱ्या ड्रेसवर सांडतं."

"आणि कुणाला चक्कर आली म्हणजे?"

"मी आहे ना! मी प्रथमोपचाराचा कोर्स केलाय." सटनने तिचे खांदे थोपटले. "ऑनलाइन."

त्या एका शब्दाने व्हर्नाची भूक गेली. नाव सांगावं तर शब्द मोडतो, आणि उद्याच्या मतदानात कोणीतरी म्हणेल, गोड आहे गं, पण जोखीम नको. न सांगावं तर जोखीम एकट्या व्हर्नाच्या पदरात. पुढचे दोन दिवस दारातून दोन बोटं वर आली. व्हर्ना तेवढ्यापुरती श्वास घेई.

शेवटचा दिवस आला. त्या दिवशीचा समारंभ सगळ्यात गंभीर. भर दुपारी पडदे ओढून दिवाणखान्यात अंधार करायचा, मेणबत्त्या लावायच्या. मेणबत्त्या बॅटरीच्या होत्या. खऱ्या असत्या तर व्हर्नाने आगीचा बंब दारातच उभा करून ठेवला असता. सगळ्याजणी पांढऱ्या ड्रेसमध्ये. एकेक भगिनी एकेका मुलीसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसते, तिचे हात हातात घेते आणि तू मला का आवडतेस ते सांगते. बाकीच्या भगिनी भिंतीला लागून, डोळे मिटून, ओठ बंद ठेवून एक गाणं गुणगुणतात. आणि सगळ्याजणी रडतात. रडणं हा त्या समारंभाचा मुख्य पदार्थ. जी मुलगी जास्त रडेल, ती जास्त आपली.

या समारंभाला बाहेरच्या बाईने थांबायचं नाही अशी त्या घराची रीत. घराचा प्रत्येक नळ आणि प्रत्येक मुलीचा खोकला ओळखणारी व्हर्ना त्या तासापुरती बाहेरची होई आणि कोठीघरात जाऊन बसे. दारातून आत शिरणाऱ्या मुली मात्र तिने खिडकीतून पाहिल्या. ओपल शेवटून दुसरी होती. हे तिचं त्या दिवशीचं तिसरं घर. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं. तिने हात वर केला, पण बोटं दोन होती की एक, ते व्हर्नाला दिसलं नाही. पुढच्या मुलीची टोपी आड आली.

ओपल सटनच्या वाट्याला आली होती. किंवा असं म्हणू, सटनने ती मागून घेतली होती. पहिल्या दिवसापासून तिला ही लाल केसांची पोरगी आवडलेली.

सटनने बोलायला सुरुवात केली आणि ओपलचे हात थरथरू लागले. सटनला भरून आलं. आजवर कुणाचे हात तिच्या बोलण्याने थरथरले नव्हते. मग ओपलच्या कपाळावरून घाम ओघळला. किती मनापासून ऐकतेय, सटनला वाटलं. मग डोळ्यांतून पाणी. मग ओपलने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि जड जिभेने म्हणाली, "तू... पिवळी आहेस."

"मला वाटलं, माझ्या आत्म्याबद्दल बोलतेय," सटनने नंतर माझ्या बायकोला सांगितलं. सांगताना ती हसत नव्हती.

त्या क्षणी तिने ओपलचे हात आणखी घट्ट धरले आणि शेजारच्या भगिनीला डोळ्यांनी खूण केली : ही आपलीच! शेजारचीने मान डोलावली आणि तीही रडू लागली. बघता बघता त्या कोपऱ्यातल्या सगळ्याजणी ओपलच्या उत्कटतेने भारावून गेल्या. एका मुलीच्या रक्तातली साखर तळाला चालली होती आणि पांढऱ्या ड्रेसमधल्या डझनभर शहाण्या मुली कौतुकाने तिला निरोप देत होत्या.

कोठीघरात व्हर्ना डब्यांच्या फळीला कान लावून होती. गुणगुण ऐकू येत होती. हुंदके ऐकू येत होते, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. आणि मग त्या हुंदक्यांतून एक हसणं ऐकू आलं. बारीक, खुळचट, कुठल्याच विनोदावर नसलेलं.

शुगर उतरली की रॉइस हसायचा. एकदा सासऱ्याच्या अंत्यविधीत हसला होता.

व्हर्ना उठली आणि तिथेच थिजली. ती दुसरीच कुणी असेल तर? एखादी पोर नुसती घाबरून हसत असेल तर? आत घुसल्यावर ओपलचं गुपित सगळ्यांसमोर फुटणार, समारंभ मोडणार, नोकरी तर जाणारच, आणि ती मुलगी जन्मभर तोंड बघणार नाही. इतक्या वर्षांत व्हर्ना भ्याली खूप, पण भिऊन काही करायची वेळ तिच्यावर आली नव्हती. नुसतं भिणं सोपं असतं. तिने दाराची मूठ धरली, सोडली, परत धरली.

हसणं थांबलं.

मधाची बाटली फळीवरून कधी उचलली ते तिला आठवत नाही. दार भिंतीवर आपटलं आणि त्या काळोखात, पांढऱ्या ड्रेसांच्या मधून, निळा ॲप्रन आणि सपाता घातलेली व्हर्ना टिडवेल दोन खुर्च्या पाडत धावली.

"मिस व्हर्ना!" सटन कुजबुजत किंचाळली. "आत्ता नको! ती भावुक झालीय!"

"भावुक नाही गं, बेशुद्ध होतेय! सर बाजूला!"

सटनने हात सोडले आणि ओपल खुर्चीवरून गालिच्यावर घसरली. कुणीतरी ओरडलं. मंडळाच्या सल्लागार मिसेस प्रूइट दारातून पुढे आल्या. त्या माजी भगिनी, आणि त्यांच्या केसांचा फुगा वादळातही हलत नाही.

"मिसेस टिडवेल, तुम्हाला इथे यायची परवानगी नाही!"

"माहितेय मला. अँब्युलन्स बोलवा!"

मिसेस प्रूइटनी इकडेतिकडे पाहिलं. फोन कुणाकडेच नव्हता. भरतीच्या आठवड्यात भगिनींचे फोन पेटीत कुलूपबंद, येणाऱ्या मुलींचे झाडाखाली, आणि मिसेस प्रूइटनी स्वतःचा फोन आदर्श म्हणून मोटारीत ठेवलेला. श्रीमंत बापांच्या शंभरावर पोरी त्या खोलीत होत्या आणि एक नंबर फिरवायची सोय नव्हती.

"माझ्या खोलीत भिंतीवर आहे! पळ, सटन!"

सटन चपला फेकून पळाली.

व्हर्नाने ओपलला कुशीवर वळवलं आणि बोटाने मध तिच्या हिरड्यांना, गालाच्या आतल्या बाजूला चोळू लागली. थोडा, पुन्हा थोडा. घशात जाता कामा नये. ओपलचा चेहरा मेणासारखा झाला होता. आणि या सगळ्यात ती गुणगुण चालूच होती. भिंतीला लागून उभ्या भगिनींचे डोळे मिटलेले होते आणि थांबायची खूण सटनने करायची होती. सटन तर फोनवर. त्यांना ओरडाआरडा ऐकू येत होता, पण दरवर्षीच कोणीतरी जरा जास्त रडतं. नंतर व्हर्ना सांगायची, बाकी सगळं विसरेन, पण ते गोड गाणं आणि हातातलं ते गार तोंड विसरणार नाही.

"गप्प बसा गं!" ती ओरडली. "डोळे उघडा!"

डोळे उघडले. मग जी शांतता झाली तीत फक्त व्हर्नाचा आवाज होता. "ओपल. ए पोरी. ओपल."

अँब्युलन्सवाले आले तेव्हा ओपलच्या पापण्या हलत होत्या. स्ट्रेचरवर घेताना, सुई टोचताना तिने डोळे उघडले, भोवतीच्या पांढऱ्या गर्दीकडे पाहिलं आणि मग व्हर्नाकडे.

"सांगितलंत तुम्ही."

"एक शब्द नाही बोलले," व्हर्ना म्हणाली. "नुसता मध लावला." आणि ती गालिच्यावर बसून हमसून रडली. इतरांचं रडून झालं होतं, त्यामुळे तिला कोरा रुमालसुद्धा मिळाला नाही.

आता गंमत बघा. समारंभ संपला, म्हणजे मौन सुरू. दुसऱ्या दिवशीच्या निकालापर्यंत कुठल्याही भगिनीने ओपलशी बोलायचं नाही. सटन दवाखान्याच्या वाहनतळापर्यंत गेली आणि मोटारीतच बसून राहिली. आत फक्त व्हर्ना जाऊ शकली, कारण ती कुणाचीच भगिनी नव्हती.

"ती आत येऊ शकत नाही?" ओपलने खिडकीतून बघत विचारलं.

"नियम आहे गं."

"मग हात तरी हलव म्हणावं."

"तोही नियमात बसतो की नाही, ते आधी मिसेस प्रूइटना विचारावं लागेल तिला."

घराने ओपलला निवडलं. एकमताने. सटनने सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलं, की मी एका मरत्या मुलीचे हात धरून स्वतःवर खूश होत होते, आणि ती हवीय मला. निकालाच्या दिवशी हजार मुली किंचाळत रस्त्यावरून आपापल्या घरांकडे धावल्या. ओपल धावली नाही. ती दोन दिवसांनी मागच्या दाराने आली आणि व्हर्नाला म्हणाली, की तिने नाही म्हणून कळवलं.

"का गं? चांगल्या आहेत पोरी. वेड्या आहेत, पण चांगल्या आहेत."

"माहितेय, मॅम. पण आता त्या साठजणी रोज विचारणार, खाल्लंस का."

"मग त्यात वाईट काय?"

"तुम्ही विचारता तेवढं पुरे आहे." ओपल हसली, आणि हे हसणं वेगळं होतं. "मी विद्यापीठाच्या बँडमध्ये गेलेय. ट्यूबा."

"तो अजगरासारखा अंगाभोवती असतो तो पितळी बाजा?"

"हो, मॅम. मैदानावर चालत वाजवायचा. लोकरी कोट आहे, लांब बाह्यांचा. आत यंत्र लावलं तरी कुणाला दिसत नाही. शेजारच्या ट्यूबावाल्याला सांगितलंय मी. त्याला फिट्स येतात, त्याने मला सांगितलं."

"सप्टेंबरात? लोकरी कोट?" व्हर्नाने खुर्ची ओढली आणि त्यात बसली. "आणि तुम्हा दोघांत मिळून एकही धड नाही?"

नोकरी गेली नाही. मिसेस प्रूइटनी मंडळाच्या बैठकीत ठराव मांडला, की हाउस मदरने समारंभात प्रवेश करू नये, आणि करणं भागच पडल्यास पांढरे कपडे घालून करावा. सटनने पेपरमिंटच्या गोळ्यांचा ठराव मांडला. दोन्ही मंजूर झाले.

व्हर्ना फुटबॉलला कधी गेली नव्हती. इतकी माणसं एका जागी, आणि सगळी उभी! पण मोसमातल्या पहिल्याच सामन्याला ती माझ्या बायकोबरोबर आली. भर दुपारचं ऊन, स्टेडियमचे बाक तव्यासारखे. सामना सुरू असताना ती पाठ फिरवून प्रथमोपचाराची खोली कुठे आहे ते बघत होती. मध्यंतर झालं तशी वळली.

बँड मैदानात आला. ट्यूबांची लांबच लांब रांग, सगळ्यांचे कोट सारखे, टोप्या नाकापर्यंत. ते चालले, वळले, गोल फिरले. मग अख्खी रांग कमरेत वाकली आणि पितळी तोंडं गवताला टेकली. लोकांनी आरोळी ठोकली. रांग सरळ झाली. एक ट्यूबा खालीच राहिला.

माझी बायको सांगते, तिने शेजारी पाहिलं तर जागा रिकामी. व्हर्ना तीन ओळी खाली गेली होती, लोकांच्या गुडघ्यांवरून, खाण्याच्या पुड्यांवरून.

"ओ आजी, बसा की! दिसत नाही काही!" एकजण ओरडला.

"मलाही दिसत नाही, म्हणूनच तर उठलेय!"

तेवढ्यात तो ट्यूबा वर आला, डोलत, सुरात. मुद्दाम मागे राहिला होता. लोक हसले, टाळ्या पडल्या. व्हर्ना पायरीवरच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि बँड मैदानाबाहेर जाईपर्यंत तिने तो सोडला नाही.

माझी बायको धापा टाकत तिच्यापर्यंत पोचली. "ती होती का गं, ओपल?"

"काय माहीत," व्हर्ना म्हणाली. "टोप्या सगळ्यांच्या सारख्याच. सगळ्यांकडेच बघावं लागतं."